पार्सलवालीची खुर्ची

शिपायानं कामगार आयुक्तांच्या दालनाचं दार उघडलं, तशी रेश्मा सवयीनं मागं सरली. पार्सल पोचवणाऱ्याचं असंच असतं: बेल वाजवायची, मागं व्हायचं, उंबऱ्याबाहेरूनच हसायचं.

"त्यांना बाहेरच थांबू द्या, मॅडम," आतून कंपनीचा साहेब म्हणाला. "आमचा निर्णय कळवू." संप केला म्हणून त्यानंच तिच्या सोबत्यांची ॲपवरची खाती बंद केली होती, घरोघरच्या चुली गार पडल्या होत्या.

"सरकारनं बैठक दोन्ही बाजूंची बोलावलीय," आयुक्त मॅडम म्हणाल्या. "ताई, आत या की! तुमच्यावाचून सुरू कशी करू?"

रेश्मानं ओढणी सावरली, उंबरा ओलांडला आणि साहेबासमोरची खुर्ची ओढून बसली. "आधी माझ्या माणसांची खाती उघडा. मग बाकीचं."

मॅडमनी टेबलावरचा फोन साहेबाकडं सरकवला. त्यानं तो लावून खाती उघडायला सांगितलं.

जरा वेळानं जोंधळ्यातून पाखरं उठावीत तसे खालच्या आवारात थांबलेल्या तिच्या सोबत्यांचे मोबाइल किणकिणू लागले. रेश्मानं खिडकीतून वाकून पाहिलं. ऑर्डरी वाजत होत्या, पण एकानंही गाडी सुरू केली नव्हती.

"ताई, सगळं बोलून घे!" खालून आरोळी आली. "आम्ही हाय हितंच!"