उतरलेले ब्रेक

“वहिनी, दादाच्या सायकलवरून उतरलेलं काही घेऊ नकोस,” नणंद म्हणाली होती, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. नवऱ्याच्या माउंटन बाइकला सतत काहीतरी नवं यायचं आणि जुनं माझ्या सायकलच्या गळ्यात पडायचं. परवा स्वतःचे झिजलेले ब्रेक पॅड बसवून देत म्हणाला, “तू कुठे डोंगर उतरणार आहेस? पाळणाघरापर्यंत तर जातेस.” आज पाळणाघराच्या उतारावर, मागे लेक असताना मी ब्रेक दाबले, लोखंडावर लोखंड किंचाळलं, सायकल थांबेना. शेवटी भिंतीला घासत थांबवली. लेकीला खरचटलंही नाही, माझा खांदा सोलवटला. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, “ब्रेकच्या डिस्कला ओरखडे नाही ना पडले?” पोरीचं त्याने विचारलंच नाही. तुमची बहीण लेकराला मागे बसवून सायकल चालवत असेल, तर आज तिचे ब्रेक तपासा. ती “ठीक आहेत” म्हणेल, तरीही तपासा.