मोजणीपुरता माणूस

टँकर आपोआप चालायचा. तरी कंपनीने हरेश्वर तांडेलला त्यावर ठेवलं होतं, कारण माणूस नसलेल्या जहाजाच्या मदतीला नौदल येत नसे. चाचे गोळीबार करत वर चढले, तसा तो टँकरच्या कडेला टांगलेल्या जीवरक्षक होडीत दडला आणि त्याने घरी फोन लावला.

"अहो, होडी सोडा आणि निघा," सुलभा म्हणाली.

"मी उतरलो की नौदल माघारी फिरेल. टाकी फुटली तर तेल आपल्याच खाडीत येईल गं."

जवळच पावलं वाजली. त्याने फोन बंद केला. तेवढ्यात होडीतल्या स्पीकरवरून जहाजाने विचारलं, "तांडेल, जहाजावर आहात का? उत्तर आलं नाही तर नौदलाला परत पाठवावं लागेल."

पावलं होडीपाशी थांबली.

"आहे," तो मोठ्याने म्हणाला.