वरच्या वस्तीचं पान

"हे पान तेवढं वगळा, डॉक्टरबाई," फिदेन्सिया म्हणाली.

बास्केटबॉलच्या मैदानावर अख्खी ग्रामसभा बसली होती. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या या डोंगरात गावावर कुणी प्रबंध लिहिला, तर विद्यापीठाच्या आधी तो सभेला वाचून दाखवायचा, असा दंडक. विद्यापीठातल्या संशोधक डॉक्टर अम्पारो सकाळपासून वाचत होत्या. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या या गावानं स्वतःचा मनोरा उभारून मोबाइल सेवा कशी चालवली, हे ऐकून माणसं खुशीत होती. मग ते पान आलं. वरच्या वस्तीत आजही फोन लागत नाही, आणि मनोऱ्याची जागा ठरवताना तिथल्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

मनोऱ्याची समिती यंदा फिदेन्सियाकडे होती, बिनपगारी. मोबाइल सेवेच्या परवान्याची सुनावणी आठवड्यावर आली होती आणि हाच प्रबंध राजधानीत गावाची बाजू मांडणार होता.

"बड्या कंपन्या टपूनच बसल्यात," ती म्हणाली. "परवाना गेला तर गाव मुकं होईल, बाई!"

"माहीत आहे मला." अम्पारोंनी ते पान वर धरलं. "पण अडचणीचं पान काढलं, तर बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवील? सभा नको म्हणाली तर सगळा प्रबंध मागे घेते. अर्धा नाही देणार."

चार वर्षांची मेहनत ही बाई सरळ पणाला लावतेय! फिदेन्सियाला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त आदर वाटला.

"खरंच आहे की ते," मागून एउलालिया आजी म्हणाली. "लेकीशी बोलायला मी अजून खाली उतरते. माझे गुडघे बघा जरा."

फिदेन्सिया उठून उभी राहिली.

"पान राहू दे म्हणणारे, हात वर करा." पहिला हात तिचाच होता. मग एकेक करत मैदानभर हात वर गेले.

"आता खाली एक ओळ जोडा," ती म्हणाली. "वरच्या वस्तीत दुसऱ्या मनोऱ्याचं काम रविवारी सुरू होतंय."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही लिहिणार मी."

"बघायला कशाला, खणायलाच या. फावडं देऊ आम्ही. इथे जो चूक दाखवतो, ते काम त्याच्याच गळ्यात पडतं," फिदेन्सिया हसली. "मी समितीत कशी आले, असं वाटतं तुम्हाला?"