घरचा नियम

पुण्याच्या होस्टेलात शिकलेला राक्षस-जादूगारांचा खेळ हेमेंद्रनं दिवाळीच्या सुट्टीत सौंदडला आणला. छपरीत चटई टाकली, बहीण नीतूला जादूगार केलं आणि शाळेपासूनचा दोस्त देवानंद याला जंगली योद्धा. कोणत्या क्लासला, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पात्राला, काय काय येतं, हे हेमेंद्रच ठरवत होता. फासे टाकत टाकत तिघं खेळातल्या गुहेच्या दाराशी पोचले. दारावर अक्षरं कोरलेली होती.

"मी वाचतो," देवानंद म्हणाला.

"तुले नाही येत वाचता. जंगली आहेस तू."

"काऊन? शिकला त येईल ना." देवानंदनं खेळाचं इंग्रजी पुस्तक चाळून पान पुढे केलं. "हे पाय, लिवलं आहे. मेहनत केली त जंगली बी वाचू शकते."

"ते पुस्तकात. हा आमच्या घरचा नियम आहे," हेमेंद्र हसत म्हणाला.

देवानंदनं पुस्तक मिटलं. "तुमच्या घरचे नियम मले मालूम आहेत," असं हळूच म्हणून तो पाणी प्यायला उठला. नीतूजवळ भरलेला तांब्या होता. त्याला हात न लावता तो अंगणातल्या हापशीवर गेला आणि ओंजळीनं प्यायला.

हेमेंद्रला मान वर करवेना. देवानंद लहानपणापासून तिथंच पाणी प्यायचा. त्याला हापशीचं गार पाणी आवडतं, असंच हेमेंद्र इतकी वर्षं समजत आला होता.