शेजारची गादी

बांधकामावरच्या आठ कामगारांच्या खोलीत गवंडी झोपेत बोलायचा. स्वप्नात तो रोज घरी जायचा आणि बायकोशी गप्पा मारत बसायचा. सकाळी त्याला त्यातलं काही आठवायचं नाही.

शेवटी एका सकाळी सुतार वैतागला. "दिवसभर हा तोंड उघडत नाही, आणि डोळा लागला की रेडिओ सुरू. याला सिमेंटच्या गोदामात झोपायला पाठवा. तिथं पोत्यांशी बोल म्हणावं."

सगळे हसले. गवंडी वळकटी बांधायला लागला. गोदामात जागा भरपूर होती, फक्त दुसरं माणूस नव्हतं.

पण खोलीचा एक नियम होता. तक्रार कुणीही करावी, निकाल मात्र शेजारच्या गादीवाल्याने द्यायचा, कारण खरा त्रास त्यालाच. गवंड्याच्या शेजारी म्हातारा रंगारी झोपायचा.

"काका, तुम्हीच सांगा. याच्या बडबडीत तुम्हाला झोप लागते का?" सुताराने विचारलं.

"नाही लागत."

"मग जाऊ दे ना त्याला."

"नको. इथंच राहू दे."

"अहो, पण का?"

रंगारी नखातला रंग काढायला लागला.

"तो रोज बायकोला विचारतो, जेवण झालं का म्हणून," तो म्हणाला. "मला असं विचारणारं आता कुणी उरलं नाही रे. म्हणून मीच हळूच सांगतो, हो, झालं."