पुसलेल्या रांगोळ्या

महिन्यापूर्वी गेलेली आई पडद्यावरून हेमांगीशी बोलत होती. आवाज अगदी तिचाच होता. फक्त रोज सकाळी ती संदेशात पाठवायची ती रांगोळी आता तिला येत नव्हती. जुन्या संगणकातल्या रेघा, ठिपके आणि चौकटींची चिन्हं जुळवून आई ती काढायची.

"ताई, यंत्राला तो कचरा वाटला. आईंच्या संदेशांवरून त्यांची ही प्रत घडवताना सगळी चिन्हं निघून गेली," तंत्रज्ञ म्हणाला. "हवं तर फुलांची तयार चित्रं टाकतो."

"कुणाला विचारून काढून टाकलीत?"

हेमांगी पडद्याकडे वळली. "आई, तुझ्या सगळ्या रांगोळ्या यांनी पुसल्या."

"असू दे गं. कशाला भांडतेस?" प्रत गोड हसली.

दारातली रांगोळी तुडवली म्हणून आईने जावयालाही ती पुन्हा काढायला बसवलं होतं.

"बंद करा हिला," हेमांगी म्हणाली.