मावशी आहेत

डॉक्टरांचा राउंड तिसऱ्या मजल्यावर आला, तेव्हा नव्या डॉक्टरणीची मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला आणि जिने चढून लागलेली धाप. पोरगी चष्मा घरीच विसरली, आता पेशंटचं काय डोंबल बघणार, या काळजीने ती तशीच निघून आली होती. आईमागे हिला लहानाची मोठी केली ती याच मावशीने. तिच्या काळजीला वेळकाळ नसायचा.

"या कोण?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

मागे चार शिकाऊ डॉक्टर, दोन सिस्टर. सगळे बघत होते. नोकरीचा आज चौथा दिवस.

"मावशी आहेत," नवी डॉक्टर म्हणाली.

खोटं बोलली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण ज्या मावशीला घरी उठता-बसता 'अगं, माझा टॉवेल कुठंय' म्हणून ओरडायचं, तिला 'आहेत' कोण म्हणतं? 'माझी मावशी आहे' एवढंच तर म्हणायचं होतं. हिने 'माझी' गिळलं आणि शेवटी एक 'त' लावला. इस्पितळात झाडलोट करणाऱ्या सगळ्याच बाया मावशी असतात, आणि त्या 'आहेत'च असतात.

मोठ्या डॉक्टरांना दुसरा अर्थ सुचायचं कारणच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. "बरं झालं भेटलात. मावशी, तिथे पाणी सांडलंय बघा. तेवढं पुसून घ्या, कुणीतरी आपटायचं."

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाची हातातली फाइल वाचत होती. चष्म्याशिवाय.

आता सांगावं, आता सांगावं असं तिला वाटत राहिलं. तोवर मावशीने पिशवी भिंतीशी ठेवली, कडेची बादली ओढली, फडकं पिळलं आणि खाली बसून फरशी लख्ख पुसून काढली. एका शिकाऊ डॉक्टरचे बूट आड आले, तर "बाळा, जरा सरक रे," म्हणाली.

"नव्या दिसतात, पण हात चांगला आहे," मोठे डॉक्टर सिस्टरला म्हणाले.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. हात कोरडे केले आणि पिशवीतून डबी काढून भाचीपुढे धरली.

"मॅडम, तुमचा चष्मा राहिला होता."

आवाजात राग असता तर परवडलं असतं. राग नव्हता. पोरीने सोंग घेतलंच आहे, तर आपल्यामुळे ते उघडं पडू नये, एवढीच तिची धडपड होती.

राउंड पुढच्या वॉर्डात शिरला. भाची दाराशी थबकली, आणि डबी हातात तशीच धरून मागे धावली. आता कोण बघतंय याची तिला फिकीर नव्हती.

"मावशी! अगं मावशी, थांब ना."

कॉरिडॉरमधल्या तिघी कामवाल्या वळून बघायला लागल्या. एक तर चादरींचा गठ्ठा खाली ठेवून "काय हवंय, मॅडम?" म्हणत पुढे आली.

जिना उतरणारी तेवढी वळली नाही.